पौषातल्या अक्षता

चहा घ्या आधी, आणि निम्मा तरी पिऊन होऊ द्या. हा किस्सा ऐकताना आमच्या स्टाफरूममध्ये एकदा दोघांना ठसका लागलाय, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर, माझ्यावर आयुष्यात एकदाच अक्षता पडल्या. मैदानभर माणसं नटूनथटून आली होती, मध्ये पांढरं कापड धरलेलं होतं, डफडं वाजत होतं. सगळं रीतसर. आणि तरीसुद्धा मी आज तुमच्यापुढे बिनलग्नाचा बसलोय. हे कसं काय जमतं, विचाराल तर त्याला डोकं लागतं. माझ्याकडं ते होतं, हाच तर घोळ झाला.

मी देऊळगाव राजाच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू आहे तोवर मी प्राध्यापक, घंटा झाली की नुसता संदीप. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आम्ही नसतोच म्हणा ना. कॉलेजात जे काम कुणालाच नको असतं ते आमच्या गळ्यात पडतं, आणि आमच्या कॉलेजात कुणालाच नको असलेलं काम म्हणजे सांस्कृतिक विभाग.

तुम्ही म्हणाल, त्यात काय कष्ट? अहो, जानेवारी उजाडला की सगळं एकदम अंगावर येतं. गॅदरिंग, पारंपरिक वेशभूषा, पाककला स्पर्धा, रांगोळी, भित्तिपत्रक, रक्तदान, शिवाय सेवा योजनेचं खेड्यातलं शिबिर. प्रत्येकाची सूचना मी लिहायची, फलकावर लावायची, ग्रुपवर टाकायची. ग्रुपवर टाकली रे टाकली की पोरं लगेच अंगठे दाखवतात. कार्यक्रमाच्या दिवशीही तेच दाखवतात.

आदल्या वर्षी गॅदरिंगचे पाहुणे समोरच्या खुर्च्यांकडं बघून मला हळूच म्हणाले, लोक यायचेत का अजून? लोक आलेले होते. प्राचार्य होते, मी होतो, माईकवाला होता, आणि ज्यांना बक्षिसं मिळणार होती ती पोरं होती. माईकवाल्यालाही जायची घाई होती.

पोरींची अडचण तर वेगळीच. बऱ्याच जणी आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. कार्यक्रमाला रंग चढायला लागला की यांची गाडी सुटायची वेळ होते, आणि गाडी चुकवून गॅदरिंग बघा असं सांगणारा बाप आमच्याकडं अजून जन्मायचाय. म्हणजे खरं आमंत्रण पोरींना नाही, त्यांच्या घरच्यांना द्यायला पाहिजे. हे माझं संशोधन. इथपर्यंत ते बरोबरच होतं.

आता यात माझं लग्न कुठून आलं?

माझं वय मला विचारू नका, आमच्या गल्लीत विचारा. गल्लीला पाठ आहे. तासिकावाल्याला पोरगी द्यायची म्हटलं की पोरीचा बाप कसा बोलतो, तेही मला पाठ आहे. 'पोरगा चांगला हाये, पण परमनंट नाही.' हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकलंय की पहिलं अर्धं ऐकलं की मी चपला शोधायला लागतो.

पण त्या मार्गशीर्षात बीबी गावचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. शब्दाचे पक्के, कमी बोलणारे. मुलगी अश्विनी, मेहकरला एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. आम्ही गेलो, चहा-चिवडा झाला, गुरुजींनी 'परमनंट'चा विषयसुद्धा काढला नाही. मला तर संशय यायला लागला की यांना कुणी सांगितलंच नाही की काय.

मग आम्हा दोघांना आतल्या खोलीत बोलायला बसवलं. दार अर्थातच उघडं. तिनं विचारलं, "तुमच्या कॉलेजात सध्या काय चालू आहे?" आता सांस्कृतिक विभागप्रमुखाला हे असं कुणी कधी विचारतं का? मी सुरू झालो. वेशभूषा सांगून झाली, पाककला सांगून झाली, भित्तिपत्रक सांगून झालं. रांगोळीचे नियमसुद्धा सांगितले.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी कॉलेजात होते तेव्हा दरवर्षी नाचात नाव द्यायचे. दरवर्षी बाबा म्हणायचे, गाडी चुकेल. एकही गॅदरिंग बघितलं नाही मी." हे सांगताना ती हसत होती, आणि हसताना तिच्या एकाच गालाला खळी पडत होती. ही माहिती मी विभागप्रमुख म्हणून देत नाहीये.

मी तिला तिथंच शब्द दिला. या वर्षीचं गॅदरिंग तुम्ही बघणार, मी स्वतः आमंत्रण द्यायला येणार. निघताना गुरुजी आईला म्हणाले, "आता पौष लागते. पौषात सोयरिकीचं बोलत नाहीत. माघ लागला की तुम्हीच या, बसून ठरवू." बाहेर आल्यावर आईनं माझ्या पाठीवर एक धपका दिला. "हाव म्हनले ते," ती म्हणाली. तिच्या बोलीत हाव म्हणजे होकार. "मास्तर लोक असंच हाव म्हनतात."

मला ते घर आवडलं होतं. ती आवडली होती. आता हे सांगायला लाजण्यात अर्थ नाही. म्हणून त्या वर्षीचं गॅदरिंग मला असं करायचं होतं की बघणाऱ्यानं बघत राहावं. खुर्च्या रिकाम्या आणि मी माईकवर, असं तिनं मला बघू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि मला कल्पना सुचली.

आमच्याकडं माणूस कशानं हलतो? सूचनेनं नाही, फोननं नाही. अक्षतांनी हलतो. ताटात हळदीकुंकवाचे तांदूळ घेऊन कुणी दारात आलं, हातावर चार दाणे ठेवले, दिवस आणि जागा सांगितली, की ते घर येतंच. शेतात कापूस फुटून पडला असेल तरी येतं. अक्षता घेतली की नाही म्हणायचं नसतं. आणखी एक रिवाज आहे, तो नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अक्षता देणाऱ्याला 'कशाच्या' म्हणून विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे तुमच्या घरात काय चाललंय ते आम्हाला माहीत नाही असं म्हणणं, आणि देऊळगावात असं कबूल करायला कुणीच तयार होत नाही.

तुम्ही म्हणाल, अहो सर, अक्षता तर लग्नाच्या असतात. मला हे सुचलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? मी याचाही विचार केला होता. महिना पौष होता. पौषात आमच्याकडं लग्न होत नाही. मग पौषात अक्षता घेऊन फिरणाऱ्याला कोण लग्नाचा समजेल? जानेवारीत कुणी पिचकारी घेऊन निघालं तर ती रंगपंचमी होत नाही ना? प्राचार्यांना मी हा मुद्दा समजावून सांगितला. ते भूगोलाचे, त्यांना पटला.

पहिली अक्षत देवाला द्यायची असते. म्हणून शनिवारी सकाळी मी नवा कुर्ता घातला, ताट घेतलं, दोन पोरं डफडं घेऊन बरोबर आली, आणि आम्ही बालाजीच्या देवळात गेलो. पोरांना बाहेर थांबवलं. देवापुढं तांदूळ ठेवले, नमस्कार केला, वळलो, तर समोर कोण? बीबीचे गुरुजी. त्यांचा शनिवार कधी चुकत नाही, हे मला माहीत नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी आधी त्यांच्या पाया पडलो आणि मग त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. गुरुजींनी हाताकडं पाहिलं. मग माझ्या नव्या कुर्त्याकडं. मग देवापुढच्या तांदळांकडं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"येत्या शुक्रवारी. सकाळी अकराला, आमच्या कॉलेजच्या मैदानात."

"पौषातच?"

"पौषातच बरं असतं, गुरुजी. मंडप लगेच मिळतो."

त्यांनी दुसऱ्या हातानं टोपी सारखी केली. मला वाटलं, एवढ्या मानानं बोलावलं म्हणून भारावलेत. म्हणून मी आणखी भर घातली. म्हटलं, अश्विनीला नक्की आणा, मी तिला शब्द दिलाय.

गुरुजींनी अक्षता कपाळाला लावल्या. खिशातून रुमाल काढला, त्याच्या टोकात त्या बांधल्या, गाठ मारली. म्हणाले, "येतो. अक्षदा घेतली म्हनजे याच लागते." आणि चपला घालून निघून गेले. पाया पडलो तेव्हा आशीर्वाद द्यायचा राहिला होता, पण म्हटलं, वयामुळं विसरले असतील.

तिथून आम्ही डफडं वाजवत आमच्या गल्लीत शिरलो. सुरुवात घराजवळून करावी, असा माझा विचार. पहिलंच दार गोदाकाकूंचं. या आमच्या शेजारीण, मला लहानपणापासून बघतायत, आणि गेली काही वर्षं तर फारच काळजीनं बघतायत. त्यांनी अक्षता घेतल्या, डफड्याकडं बघितलं, कुर्त्याकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं रे बाप्पा एकदाचं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, इतक्या वर्षांत कॉलेजनं गल्लीला कधी बोलावलंच नाही, त्याचं हे. मीही गहिवरलो. म्हटलं, काकू, लवकर या, पुढची जागा तुमची.

पुढच्या दोन दिवसांत आम्ही गल्ली, बाजार, जवळची खेडी, सगळं पालथं घातलं. कुणीही काही विचारलं नाही. सगळे हसून घेत होते, कपाळाला लावत होते. एका म्हाताऱ्यानं माझ्या गालावरून हात फिरवला. मी रोज संध्याकाळी प्राचार्यांना सांगायचो, सर, प्रतिसाद विलक्षण आहे.

आता मागं वळून पाहिलं की खुणा दिसतात. त्या आठवड्यात न्हाव्यानं माझी दाढी नेहमीपेक्षा फारच मन लावून केली आणि वर मानेला मालिश केली. गोदाकाकूंनी विचारलं, तुझ्या आईला लुगड्याचा कोणता रंग चालतो? मला वाटलं, पारंपरिक वेशभूषेत भाग घेतायत. मी म्हटलं, कुठलाही चालेल काकू, फक्त नऊवारी पाहिजे.

कोपऱ्यावरच्या जोशीकाकांनी तर मला भर रस्त्यात थांबवलं. ते पंचांग सांगतात. म्हणाले, सर, शुक्रवारी काहीच बसत नाही हो. मी म्हटलं, काका, विद्यापीठाच्या वेळापत्रकात बसतंय, मग झालं. ते मान हलवत गेले. नंतर कळलं, त्यांनी गल्लीत सांगितलं की मुलगी विद्यापीठातली दिसते. त्यावर गल्लीचं एकमत झालं होतं. पौषात, घाईत, पत्रिका न छापता, मैदानात, म्हणजे पोरानं स्वतःच जमवलेलं आहे. पण गल्लीनं मोठं मन केलं. सरांचं वय बघता मुहूर्त पाहत बसायला वेळ आहे कुठं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आणि या सगळ्यात आमची आई कुठं होती? ती चिखलीला मावशीकडं गेली होती. आठवडाभर घरात मी एकटाच. ती असती तर पहिल्याच दिवशी ताट हिसकावून घेतलं असतं.

शुक्रवार उजाडला. मी मैदानावर लवकरच गेलो आणि फाटकाशी उभा राहिलो. आणि माणसं यायला लागली हो. गल्लीच्या गल्ली आली. खेड्यांतून ॲपे रिक्षा भरभरून आल्या. बायका जरीच्या लुगड्यांत, पुरुष फेटे बांधून, लेकरांच्या डोळ्यांत काजळ. पोरींचे बाप स्वतः पोरींना घेऊन आले. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, भिंतीवर माणसं बसली. मला वाटलं, मी शिक्षणाच्या क्षेत्रात काहीतरी करून दाखवलं.

बऱ्याच जणांच्या हातात डबे होते, चकचकीत कागदातली पुडकी होती. एकानं स्टीलची टाकी डोक्यावर आणली होती. मला वाटलं, पाककला स्पर्धेचं सामान. टाकीचं मात्र मला जरा जास्त वाटलं.

तेवढ्यात एक रिक्षा अगदी माझ्या पायाशी येऊन थांबली आणि तीतून आई उतरली. मागून मावशी. आमची आई रागावली की फोन करत नाही, थेट येते.

"मले सोडून साऱ्या गावाले अक्षदा वाटल्या?" आई म्हणाली. आवाज अगदी शांत. आई शांत झाली की मला घाम फुटतो. "चिखलीच्या बाजारात भाजीवाली मले म्हनते, पोराच्या लग्नाले अजून इथंच काऊन? पोरगी कोनाची हाये, एवढं तरी सांगशील का मायले?"

मी म्हटलं, आई, कुणाचं लग्न? गॅदरिंग आहे हे.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग मैदानाकडं पाहिलं. फेटे, लुगडी, टाकी. मग पुन्हा माझ्याकडं. "ह्या लोकायले मालूम हाये का ते?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोदाकाकूंचे डोळे आठवले, न्हावी आठवला, पंचांग आठवलं. आणि मग गुरुजी आठवले. त्या माणसाच्या हातावर मी स्वतःच्या हातानं अक्षता ठेवल्या होत्या. वर सांगितलं होतं, मुलीला नक्की आणा.

मी वळलो, तर गुरुजी फाटकातून आत येत होते. धोतर, कोट, टोपी. अक्षता घेतली होती, म्हणून आले होते. मागं अश्विनी. तिनं निळी साडी नेसली होती आणि ती माझ्याकडं असं बघत होती, जसं एखाद्याच्या रक्तात भलतंच काहीतरी निघाल्यावर बघत असेल.

मी त्यांच्याकडं धावलो. पण तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं गेलं आणि दोन पोरांनी मला धरून स्टेजवर नेलं. विद्यापीठातून आलेले पाहुणे गर्दी बघून इतके खूश होते की त्यांना आत्ताच्या आत्ता सुरुवात करायची होती. मी प्राचार्यांच्या कानात सांगायला गेलो की सर, लोकांचा गैरसमज झालाय. ते म्हणाले, होऊ द्या, पण आलेत ना.

पहिला कार्यक्रम भित्तिपत्रकाचं अनावरण. भित्तिपत्रक स्टँडवर उभं केलेलं, त्याच्यावर पांढरा पडदा. आता काय झालं, वारा सुटला. पडद्याची दोरी तुटली. म्हणून दोन मुलांनी पडदा दोन्हीकडून हातात धरला. स्टँड डगमगायला लागला, तो मी एका बाजूनं धरला. दुसऱ्या बाजूला, पडद्याआड प्राचार्य उभे. मध्ये पडदा. तुम्हीच सांगा, मैदानातून हे कसं दिसलं असेल?

मैदान एकदम चिडीचूप झालं. आमच्या कॉलेजच्या इतिहासात अशी शांतता कधी झाली नव्हती. बायका उठून उभ्या राहिल्या. हात मुठी करून वर आले. पडद्यापलीकडं कोण आहे ते मागच्यांना दिसत नव्हतं, आणि पुढं बसलेल्या गोदाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला होता, त्यामुळं त्यांनाही दिसत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच, पाहुण्यांना मानवंदना द्यायची म्हणून, एनसीसीच्या पोरानं छाती फुगवून आरोळी ठोकली.

"सावधान!"

झालं. चारी बाजूंनी अक्षता आल्या. पोरांनी सवयीनं डफडं सुरू केलं. पडदा धरलेल्या मुलांनी घाबरून पडदा सोडला. मी आणि प्राचार्य समोरासमोर, दोघांच्या डोक्यावर तांदूळ, त्यांच्या मिशीत दोन दाणे अडकलेले.

मग सगळ्यांनी नवरी पाहायला माना उंचावल्या, आणि प्राचार्य दिसले.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण मलाही ते थोडक्यातच आठवतं. मी माईक घेतला आणि खरं काय ते सांगून टाकलं. हसण्याची एक लाट पुढून मागं गेली आणि परत आली. कुणी रागावलं नाही. आमची माणसं एकदा तयार होऊन आली की कार्यक्रम कशाचा आहे यावर अडून बसत नाहीत. सगळे बसून राहिले, नाच झाले, नाटुकलं झालं, पोरींच्या बापांनी शिट्ट्या मारल्या. आहेर मात्र कुणी परत नेईना, दिलेला आहेर परत नेत नाहीत म्हणून. गोदाकाकू म्हणाल्या, ठेव, कामी येईल. टाकी आमच्या घरात आहे अजून.

मी स्टेजवरून उतरलो तो सरळ गुरुजींकडं. हात जोडले, पौषाचा मुद्दा सांगितला, रिकाम्या खुर्च्या सांगितल्या, सगळं. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले वाटलं, तुमी दुसरीकडं जमवलं," ते म्हणाले. "आन वरून आमालेच अक्षदा देल्या. त्या रोजी घरी जेवन गेलं नाही मले." मग टोपी काढून त्यातले तांदूळ झटकत म्हणाले, "रविवारी अश्विनीले पाहाले मेहकरचे पाहुणे आले होते. पौष हाये म्हनून मी थांबवनार होतो. मंग म्हटलं, शिकलेसवरलेले प्राध्यापकच पौष पाळत नाहीत, आपन काऊन पाळायचा? शब्द देऊन टाकला."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मी त्यांच्या टोपीतून पडलेले दाणे वेचायला लागलो. बाजूला स्टेजवर लावणी चालू होती आणि लोक टाळ्या देत होते.

अश्विनी मात्र हसत होती. खळीसकट. म्हणाली, "बाबांनी शब्द दिला तो मी हो म्हटल्यावर. त्या मुलानं बसल्याबसल्या मला विचारलं, तुम्हाला मी पसंत आहे का? तुम्ही मला रांगोळीचे नियम सांगितले."

नियम मी सांगितले होतेच.

थोड्या वेळानं तिनं घड्याळ बघितलं. बीबीची गाडी सुटायची वेळ झाली होती. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी स्टेजकडं बघत बसले होते, आणि उठायचं नाव घेत नव्हते. तिनंही मग घड्याळ बघणं सोडून दिलं. शेवटच्या नाचापर्यंत ते बापलेक तिथंच होते. निघताना ती मला म्हणाली, "गॅदरिंग मस्त झालं, सर." आतल्या खोलीत बसलो होतो तेव्हा ती मला सर म्हणाली नव्हती.

विद्यापीठाच्या पाहुण्यांनी प्राचार्यांपाशी माझी फार स्तुती केली, असा जनसंपर्क कुठं पाहिला नाही म्हणून. प्राचार्यांनीही लगेच कदर केली. नोकरी अजून तासिकेवरच आहे, सांस्कृतिक विभाग मात्र त्यांनी मला परमनंट देऊन टाकला.

मग माघ लागला. एका सकाळी मी ओसरीवर युवक महोत्सवाची सूचना लिहीत बसलो होतो, तर दारात गुरुजी. कोट, टोपी, हातात ताट, ताटावर रुमाल. मी उठून उभा राहिलो. त्यांनी रुमाल बाजूला केला आणि माझ्या हातावर अक्षता ठेवल्या.

आता रिवाज तुम्हाला सांगितलाच आहे. घेतली की नाही म्हणायचं नाही, आणि कशाच्या म्हणून विचारायचं नाही. पण माणसाचं मन वेडं असतं. हातावर दाणे पडले आणि मला वाटलं, कुणी सांगावं, बीबीत एखादं वाचनालय सुरू होत असेल, शाळेचा काही समारंभ असेल. गुरुजी शेवटी शिक्षणखात्यातलेच.

मी विचारलं, "गुरुजी, कशाच्या?"

"लग्नाच्या," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडं दुसऱ्या कशाच्या राहत नाहीत, सर."